देवचाफा, कामठीची छावणी आणि नोंद नसलेला माळी

डिसेंबर सरता सरता देवचाफ्याकडे बघवत नाही. पानं गळालेली, खोड राखाडी, आणि फांद्या सांबराच्या शिंगांसारख्या जाड नि बोथट. नागपूरकडे हिवाळ्यात घर बदलणाऱ्यांना अंगणात असं झाड दिसलं की पहिला हुकूम ठरलेला असतो: वाळलंय, तोडून टाका. जाणता माळी अशा वेळी नखाने साल जराशी खरवडतो. आत हिरवं दिसलं, चिकाचा थेंब आला, की म्हणतो, "झोपलंय ते, राहू द्या." मार्चमध्ये फांद्यांच्या टोकांना कोंब येतात. एप्रिल-मेच्या उन्हात, बाकीची बाग माना टाकत असताना, पिवळ्या गाभ्याची पांढरी फुलं रोज सकाळी झाडाखाली सांडलेली असतात.

हे दोन-तीन महिने मेल्यासारखं दिसणं या झाडाच्या इतिहासात फार महत्त्वाचं आहे. त्यामुळे ते अनेकदा तुटलं, आणि त्याच गुणामुळे ते मेक्सिकोपासून कन्हानच्या काठापर्यंत पोचलंही. कामठी हे गाव हा इतिहास वाचायला सोयीचं आहे, कारण गावही असंच दुरून आणून लावलेलं आहे. आणि गावाचा इतिहास वाचताना जे नाव कुठेच सापडत नाही, ते माळ्याचं, झाडाच्या इतिहासातही सापडत नाही.

एक झाड, पाच नावं

मराठीत चाफा म्हणजे एक झाड नव्हे. सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा अशी ही मोठी भावकी आहे, आणि तिच्यातल्या अनेकांचा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकमेकांशी काही संबंध नाही. संस्कृतातला चंपक तो सोनचाफा, मॅग्नोलियाच्या कुळातला. वास गोड आणि फूल देवाला चालण्यासारखं असलं की आपल्याकडे नव्या झाडालाही चाफा म्हणायची रीत आहे. आपण ज्याला देवचाफा, पांढरा चाफा किंवा खुरचाफा म्हणतो, ते प्लुमेरियाही असंच या भावकीत दाखल झालं.

कामठीत मात्र एकट्या मराठीने भागत नाही. या गावात हिंदी-उर्दू बोलणारे आहेत, आणि फौजेबरोबर दक्षिणेतून आलेल्या तेलुगू-तमिळ भाषकांची जुनी वस्तीही आहे. या भाषांत याच झाडाची नावं शेजारी शेजारी मांडली तर एक गंमत दिसते. हिंदीत ते गुलाचीन किंवा गुलचीन. त्याचा सरळ अर्थ चीनचं फूल असा घेतात. पण फारसीत गुलचीन म्हणजे फुलं वेचणाराही होतो, म्हणजे माळीच. तमिळमध्ये ते ईळत्तलरी, अर्थात ईळमची, सिंहलद्वीपाची, कण्हेर. तेलुगूत देवगन्नेरु, देवाची कण्हेर. इंग्रजीत टेंपल ट्री किंवा पॅगोडा ट्री. कोणी त्याला चीनचं म्हटलं, कोणी लंकेचं, कोणी देवाचं. परकं म्हणणाऱ्यांनी ते कुठून आलं याचा आपापल्या बंदराकडे बघून अंदाज केला. मराठीने आणि तेलुगूने तो प्रश्न देवावर सोपवला.

यात दक्षिणेतल्या नावांना दाद द्यायला हवी. देवचाफा आणि कण्हेर खरोखरच एका कुळातले आहेत, अपोसायनेसी या चीक असणाऱ्या झाडांच्या कुळातले. वर्गीकरणाची पुस्तकं न वाचता, पान-फूल-चीक पाहून, तमिळ आणि तेलुगू माणसांनी नातं बरोबर ओळखलं. मराठी आणि हिंदी नाक वासामागे गेलं.

कावळ्याच्या फुलापासून

झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं आणि कॅरिबियन बेटांवरचं. अॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत त्याचं नाव काकालोशोचित्ल, म्हणजे कावळ्याचं फूल. १५५२ साली मेक्सिकोत तयार झालेल्या सचित्र औषधी-हस्तलिखितात, बादियानुसच्या हस्तलिखितात, या नावाची वनस्पती आहे. हे हस्तलिखित एका नाहुआ वैद्याने सांगितलं आणि दुसऱ्या नाहुआ विद्वानाने लॅटिनमध्ये उतरवलं. ते दोघे नावानिशी माहीत आहेत: मार्तिन दे ला क्रूस आणि हुआन बादियानो. वनस्पतींच्या इतिहासात असं क्वचित घडतं.

पुढचा प्रवास भाषेतच दिसतो. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश जहाजं मेक्सिकोतलं आकापुल्को आणि फिलिपिन्समधलं मनिला यांच्यामध्ये ये-जा करत होती. चांदी पश्चिमेकडे जाई, रेशीम आणि मसाले पूर्वेकडे. फिलिपिन्समध्ये आजही या झाडाला कालाचुची म्हणतात. काकालोशोचित्ल झिजून कालाचुची झालं. म्हणजे फांदीबरोबर तिचं नावही जहाजातून उतरलं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर राहणाऱ्या रम्फियस या डच कंपनीच्या नोकराने आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलेलं आहे. तोवर ते पूर्वेकडच्या बागांत रुळलं होतं.

शास्त्रीय नाव मात्र यांच्यापैकी कोणाचं नाही. शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) हा फ्रेंच संन्यासी चौदाव्या लुईच्या पदरी वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याने कॅरिबियन बेटांच्या तीन सफरी केल्या. त्याच्या सन्मानार्थ झाडाचं नाव प्लुमेरिया पडलं, आणि १७५३ मध्ये लिनियसने ते कायम केलं. दुसरं लोकप्रिय नाव फ्रँगिपानी. ते एका इटालियन सरदार घराण्याचं. त्या घराण्याच्या नावाने ओळखलं जाणारं, हातमोज्यांना लावायचं एक सुगंधी द्रव्य युरोपात प्रसिद्ध होतं. फुलाचा वास तसा वाटला म्हणून नाव चिकटलं.

मुद्दा असा की बियांच्या पुडीतून हे झाड फारसं फिरलं नाही. त्याला शेंगा कमी धरतात आणि बियांपासून आलेली रोपं आईसारखी निघतीलच असं नसतं. फिरली ती फांदी. देवचाफ्याची तोडलेली फांदी जाड, रसाळ असते; आठवडेच्या आठवडे मातीशिवाय पडून राहिली तरी मरत नाही, कधी कधी तशीच पडल्या पडल्या फुलतेही. बंद पेट्या आणि काचघरं यांच्या आधीच्या काळात समुद्र ओलांडू शकणारी झुडपं मोजकी होती. देवचाफा त्यांतला एक, आणि तो टिकला तो पानं टाकून, पाणी साठवून, मेल्यासारखं पडून राहण्याच्या सवयीमुळे.

आणून लावलेलं गाव

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. पुढच्या वर्षी अप्पासाहेब पदच्युत झाले, गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी आले आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती कारभार गेला. नागपूरच्या राज्यात कंपनीची तैनाती फौज ठेवायची, तीही राजधानीपासून बेताच्या अंतरावर, म्हणून नागपूरच्या ईशान्येला सुमारे १५ किलोमीटरवर कन्हानच्या उजव्या तीरावर १८२१ साली कामठीची छावणी वसली. कँप-टी वरून कामठी ही व्युत्पत्ती गावात अजून सांगितली जाते.

ही फौज मद्रास इलाख्याची होती. त्यामुळे शिपायांबरोबर, त्यांच्या मागोमाग, दक्षिणेतले मुदलियार ठेकेदार, दुभाषे आणि नोकर आले. बाजार वाढला तसे मारवाडी सावकार आले, उत्तरेकडून मोमिन विणकर आले. इंग्रजी चर्च झालं, कॅथलिक मिशन आलं. १८८१ च्या जनगणनेत छावणी धरून कामठीची लोकसंख्या ५० हजारांच्या वर होती. रेल्वेमुळे व्यापार नागपूरकडे सरकत गेला आणि १९०१ मध्ये हा आकडा ३९ हजारांच्या आत आला. गाव पुन्हा वाढलं ते विड्या, यंत्रमाग, कोळसा यांच्या जोरावर. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे याच गावचे, आणि विडी कामगारांची संघटना बांधणारेही तेच.

हे सगळं सांगायचं कारण, की कामठीत असं एकही घराणं शोधणं कठीण, ज्याच्या आठवणीत "आम्ही दुसरीकडून आलो" ही गोष्ट नाही. अशा गावातल्या झाडांना देशी-परदेशी ठरवायला बसलं तर माणसांचाही हिशेब मांडावा लागेल. आणि देवचाफ्याला ते जमतंही नाही. महाराष्ट्रात तो देवळाच्या कठड्याशी असतो, दर्ग्याच्या आवारात असतो, ख्रिस्ती दफनभूमीत असतो. श्रीलंकेत आणि आग्नेय आशियात तो बौद्ध विहारांचं झाड आहे. लाओसचं तर ते राष्ट्रीय फूल. कबरीवर असतो म्हणून काही घरांत तो दारात लावत नाहीत, आणि देवाला चालतो म्हणून शेजारच्याच घरात मुद्दाम लावतात.

महिन्याच्या नोटिशीवरची बाग

छावणीतल्या बागेचा एक स्वभाव असतो, आणि तो जमिनीच्या कायद्यातून येतो. कंपनीच्या काळात छावणीत बंगले बांधायला परवानगी मिळे, पण जमिनीची मालकी सरकारचीच राही. बंगाल इलाख्यात १८३६ च्या आदेशाने हे नियम पक्के झाले: एक महिन्याची नोटीस आणि बांधकामाची भरपाई देऊन सरकार जागा परत घेऊ शके. 'ओल्ड ग्रँट' या नावाने ही पद्धत आजही देशभरच्या छावण्यांतल्या खटल्यांत भेटते. शिवाय पलटणी दर काही वर्षांनी बदलत. म्हणजे ज्या साहेबाने बाग लावली तो तिची सावली उपभोगायला बहुधा तिथे नसे.

अशा माणसाची बाग कशी असेल? हंगामी फुलांची. पावसाळा संपला की विलायतेहून मागवलेलं बी पेरायचं, फेब्रुवारीपर्यंत फुलं बघायची, मार्चमध्ये सगळं उपटून टाकायचं. फर्मिंजर या पाद्र्याने लिहिलेलं बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानासाठीचं बागकामाचं पुस्तक १८६० च्या दशकात निघालं आणि पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या, ती याच वाचकासाठी. माळी अशा पुस्तकांचा वाचक नव्हता.

पण साहेब बदलला तरी माळी बहुतेक वेळा तोच राही. नवा साहेब येईपर्यंत बंगला दोन-चार महिने रिकामा. पगार नाही, विहिरीवर मोट नाही, वर नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि मेअखेरीला नवतपा लागला की कुंड्यांतलं विलायती एकही रोप उरत नाही. या मधल्या काळातून जी झाडं पार पडली तीच छावणीची बाग. बोगनवेल, कण्हेर, मेंदीचं कुंपण आणि देवचाफा. त्यांत देवचाफ्याचा आणखी एक फायदा: गाई-बकऱ्या त्याच्या चिकापायी तोंड लावत नाहीत.

म्हणून मला वाटतं, छावण्यांतला देवचाफा ही साहेबाची आवड म्हणून समजून घेण्यात अर्धंच सत्य हाती येतं. तो तिथे आहे कारण माळ्याला फुकटात, पाण्याविना, पुढच्या बंगल्यात नेता येईल असं ते झाड होतं. एका आवारातली फांदी मोडायची, खांद्यावर टाकायची, दुसऱ्या आवारात खोचायची. याची पावती होत नाही, म्हणून नोंदही होत नाही. चर्च कोणत्या वर्षी बांधलं, कोणती पलटण कधी गेली, हे दप्तरांत मिळतं. फांदी कोणी नेली हे झाडातच बघावं लागतं.

कामठीत चाफा कसा लावावा

ते माळ्याचं ज्ञान अजून चालू आहे, आणि ते बरंचसं जमिनीचं ज्ञान आहे. नागपूर शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या काळ्या कातळातून झालेली, भेगाळणारी काळी माती आहे. कामठीच्या परिसरात खडक बदलतो. इथला पिवळसर-तांबूस वालुकाश्म भूगर्भशास्त्रात 'कामठी' याच नावाने ओळखला जातो. तो गोंडवन खडकांच्या मालिकेतला, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. शिवाय कन्हानची वाळू हाताशी. देवचाफ्याला नेमकं हेच लागतं: पाणी थांबत नाही अशी हलकी, बरड जमीन. काळ्या मातीत लावायचाच तर दीड-दोन हात खड्डा घेऊन तळाशी विटांचे तुकडे किंवा मुरूम घालावा, मातीत निम्मी जाड वाळू मिसळावी आणि आळं खोलगट न करता थोडं उंचवट्यावर ठेवावं.

फांदी घ्यायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड अजून उघडं असताना. हातभर लांब, राखाडी सालीची. कोवळी हिरवी नको. तोडल्यावर चीक वाहतो. तो अंगाला खाज आणतो, डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो, तेव्हा हात लगेच धुवावेत. आणि मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट: फांदी लगेच लावायची नाही. आठ-दहा दिवस सावलीत आडवी टाकून ठेवायची, तोडलेलं तोंड सुकून कडक होईपर्यंत. नवखा माणूस ताजी फांदी ओल्या मातीत खोचतो आणि ती बुडापासून काळी पडून कुजते. सुकवलेली फांदी चार बोटं वाळूत रोवून काठीला बांधावी, दुपारचं ऊन टाळावं आणि पाणी अगदी बेताचं द्यावं. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती पक्क्या जागी जाते. जुलैत लावलेल्या फांदीपेक्षा मार्चमध्ये लावलेली जगते ती यामुळेच.

पुढची काळजी म्हणजे मुख्यतः हात आवरणं. दिवसाचे सहा तास ऊन हवं. मार्चमध्ये घमेलंभर कुजलेलं शेणखत पुरे. युरियाने पानं माजतात आणि फुलं रुसतात. पानं गळाली की पाणी बंद. निष्पर्ण झाडाला दया येऊन रोज पाणी घालणं हा त्याला मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. गळालेली पानं झाडाखाली न ठेवता उचलून टाकावीत. पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचं पाणी बहुधा पुरतं. छाटणी जपून, कारण फूल फांदीच्या टोकालाच येतं; टोक कापलं की त्या फांदीचा तो हंगाम गेला.

टोकाची ही गोष्ट इतिहासाच्या कामाची आहे. फुलोरा आला की त्या टोकाची वाढ थांबते, आणि त्याच्या खालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. पुढचा फुलोरा त्यांच्या टोकांवर. म्हणून शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एक एक दुबेळकं मोजत आलं तर ते झाड किती हंगाम फुललं याचा ढोबळ अंदाज लागतो. खोडाच्या घेरावरून न कळणारं वय फांट्यांवरून थोडंफार वाचता येतं.

वय कोणाचं मोजायचं

हा प्रश्न आता कागदावरचा राहिलेला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने शहरी भागांतल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा दुरुस्त केला आणि ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं. छावण्यांचा कारभार मात्र केंद्राच्या २००६ च्या कायद्याखाली चालतो. केंद्र सरकारने छावण्यांतल्या नागरी वस्त्या नगरपालिकांना जोडायचं धोरण घेतलं आणि २०२३ मध्ये हिमाचलातलं योल सर्वांत आधी मोकळं केलं. देशभरच्या छावण्यांतली जुनी आवारं एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जाण्याच्या उंबरठ्यावर आहेत, आणि अशा वेळी आवारातलं काय जुनं नि काय भंगार हे कोणीतरी घाईत ठरवतो. वड-पिंपळाची बाजू घेणारे लोक असतात. जेमतेम पुरुष-दोन पुरुष उंचीच्या, डिसेंबरात मेल्यासारख्या दिसणाऱ्या झुडपाची बाजू कोण घेणार?

त्यात रस्त्याकडेला आणि नव्या सोसायट्यांत आता दुसराच चाफा दिसतो: चमच्याच्या आकाराच्या पानांचा, जवळजवळ बारमाही फुलणारा प्लुमेरिया पुडिका. तोही अमेरिकेतलाच, दिसायला छान. पण त्याला फारसा वास नाही, आणि तो झोपतही नाही. पानगळ हा कचरा आणि उघडं झाड हा दोष असं मानणाऱ्या बागांना तो सोयीचा पडतो. जुना देवचाफा त्यामुळे तोडला जातो आणि रोपवाटिकेतही मागणीअभावी कमी कमी ठेवला जातो.

वयाच्या हिशेबात या झाडाची आणखी एक अडचण आहे. फांदीपासून वाढलेलं झाड आणि त्याचं मूळ झाड यांचा देह एकच असतो. वीस वर्षांपूर्वी लावलेला कामठीतला एखादा चाफा दुसऱ्या बंगल्यातल्या झाडाचा तुकडा असेल, ते झाड आणखी कुठल्या छावणीतल्या झाडाचा. कायदा उभ्या खोडाचं वय विचारतो. माळ्यांच्या हातांनी चालत आलेलं वय त्याहून कितीतरी मोठं, आणि ते कुठल्याही रकान्यात मावत नाही.

पण याच अडचणीत सोय आहे. वड तोडला की गेला. देवचाफा तोडायची वेळ आलीच, तर तोडण्याआधी हातभर फांदी मागून घेता येते. फेब्रुवारी असेल तर उत्तमच. आठ-दहा दिवस सावलीत ठेवायची, कन्हानच्या वाळूत रोवायची, आणि शेजारी पाटी लावायची: कुठल्या आवारातून आणली, कोणत्या साली, आणि कोणाच्या हातची. शेवटचा रकाना आजवर रिकामा राहिला आहे. तो भरायला फांदी देणाऱ्या माळ्याला नाव विचारलं की झालं.